उसन्या साखरेवरचं रान

शुरतिंगच्या गावसभेत शेवटी इंदुमती बोलली, म्हणून ती रोपं लागली.

त्याआधी बराच वेळ तिची मुलगी पद्मा बोलत होती. भिंतीवर चित्रं दाखवत होती, मुळं, बुरशी, साखर असं काहीबाही समजावत होती. देवळाच्या अंगणात लोक उन्हाला पाठ देऊन बसले होते. कुणी हो म्हणत नव्हतं, कुणी नाही म्हणत नव्हतं. मग इंदुमती उठली.

"तुमच्यातली निम्मी माणसं माझ्या हातात जन्मली," ती म्हणाली. "मी कधी कुणाला चुकीचं औषध दिलंय?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांचा होकार आला.

इंदुमती नेगी मूळची वाईजवळच्या पसरणीची, माहेरची शिर्के. पुण्यात नर्स असताना हिमदंशानं पायाची बोटं गेलेला एक फौजी तिच्या वॉर्डात आला आणि वर्षभरानं तिला लग्न करून किन्नौरला घेऊन गेला. सतलजच्या पुलावर उभं राहून वर पाहिलं तर मान दुखेल इतक्या उंचावर त्याचं गाव होतं. जवळचा दवाखाना एका दिवसाच्या वाटेवर. त्यामुळे नवी सून आल्या आल्याच गावाची सिस्टरजी झाली. नवरा पुढे वारला, तरी ती माहेरी परतली नाही. थोरले दीर भगतराम यांना ती मराठी रिवाजाप्रमाणे भावजी म्हणायची. त्यांना ते आपलं नावच वाटायचं. ते तिला बहू म्हणायचे आणि घरातला कुठलाही निर्णय तिला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

गाव दोन झाडांवर जगत होतं. सफरचंदाला हिवाळ्यात कडक थंडी लागते. ती मिळेनाशी झाली तशी झाडं फुलायचं विसरली. बागा तुटल्या, तरुण मुलं चंदिगडला दारावर पहारा करायला गेली. उरला चिलगोजा. हे झाड चीड-देवदाराच्या गोतातलं, पण त्याच्या शंकूत खाण्याजोगं बी असतं, बोटाच्या पेराएवढं, तपकिरी सालीचं, आत लोण्यासारखं. खडकाळ कोरड्या उतारावर, जिथं गवतसुद्धा धड धरत नाही तिथं ते उभं राहतं. हिमालयातल्या मोजक्या खोऱ्यांतच ते मूळचं आहे आणि लावून वाढवायचं म्हटलं तर महाहट्टी. रोप कित्येक वर्षं गुडघ्याच्या वर येत नाही आणि शंकू धरेपर्यंत लावणाऱ्याचे केस पिकतात.

शुरतिंगच्या वरची झाडं कुणी लावलेली नव्हती. ती शेकडो वर्षांची होती, घराघरांत वाटलेली होती, आणि त्यांच्याखाली एकही तरणं झाड नव्हतं. दरवर्षी आश्विनात गाव सगळे शंकू उतरवायचं, बी जमिनीवर पडायचंच नाही. चुकून पडलं तर त्याचा कोंब शेळ्या खायच्या. रान म्हातारं होत चाललं होतं आणि त्याच्यामागे कुणी येत नव्हतं.

पद्मा याच रानाखाली वाढली. बारावीनंतर पुण्याला मामाकडे राहून वनस्पतिशास्त्र शिकली आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत तिनं आपल्या गावच्या झाडाचाच प्रश्न हाती घेतला. आई तिच्याशी लहानपणापासून मराठीत बोलायची. शुरतिंगमध्ये ती भाषा फक्त या दोघींची होती.

पद्मानं काढलेला उपाय जमिनीखालचा होता. चिलगोजाच्या मुळांना एका बुरशीचा पातळ मोजा चढलेला असतो. बुरशीचे धागे केसापेक्षा बारीक. मुळं जिथं पोचत नाहीत तिथलं पाणी आणि क्षार ते झाडाला आणून देतात, आणि त्या बदल्यात झाडानं पानांत तयार केलेली साखर घेतात. एकच बुरशी शेजारच्या झाडांच्या मुळांनाही चिकटलेली असते, म्हणजे जमिनीखाली झाडं एका जाळ्यात बांधलेली असतात. या जाळ्यातून एका झाडाची साखर दुसऱ्यात जाते, पण फार थोडी, गळक्या नळाच्या थेंबासारखी. पद्मानं बुरशीच्या जनुकांत बदल करून तो नळ मोठा केला. कोवळ्या मुळांतून एक वाढीचं द्रव्य पाझरतं. त्याची चाहूल लागली की तिच्या बुरशीचे धागे त्या बाजूला साखर सोडायचे. थोडक्यात, ज्या रोपाला स्वतःची पानं पुरत नाहीत त्याला आजूबाजूच्या थोरल्या झाडांनी थोडंथोडं भरवायचं.

पद्मानं खबरदारीही घेतली होती. या बुरशीला छत्र्या येत नसत, त्यामुळे तिचे बीजकण वाऱ्यावर जाण्याची भीती नव्हती. ती पसरली तर मातीतून सरपटतच पसरणार. सरकारी परवानगी मिळाली ती यामुळेच.

रोपं लागली आणि गाव चकित झालं. दुसऱ्या वर्षी ती कमरेला आली. पाचव्या वर्षी भगतरामना त्यांच्या शेंड्याकडे मान वर करून बघावं लागलं. सहाव्या वर्षी पहिले शंकू धरले. पुण्याहून, दिल्लीहून माणसं आली, फोटो काढून गेली. खोऱ्यातल्या इतर गावांनी रोपं मागितली आणि पद्मानं स्वतः जाऊन ती लावून दिली. भगतरामचा मुलगा देवचंद चंदिगडचा पहारा सोडून बायकोला घेऊन परत आला. त्यानं उताराच्या पायथ्याशी घर बांधलं. गावात कित्येक वर्षांनी दोन लग्नं एका महिन्यात झाली.

त्या सुमारास पद्मा गप्प राहू लागली.

इंदुमतीला वाटलं, पुण्याला परत जायचं मनात असेल. पद्मा रोज रानात जायची, म्हाताऱ्या झाडांच्या एखाद्या फांदीला प्लास्टिकची मोठी पिशवी बांधायची, आत कसलासा वायू सोडायची, आणि काही दिवसांनी दुसऱ्याच झाडांच्या सुया तोडून पुण्याला पाठवायची. पुण्याहून उत्तर आलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन आईजवळ बसली. चुलीपलीकडे भगतराम चहा पीत बसले होते.

"आई, चेहरा आहे तसाच ठेव," पद्मा मराठीत म्हणाली. "जुनी झाडं मरतायत."

इंदुमतीनं चमचा खाली ठेवला. भगतराम तिच्याकडे पाहून हसले. मायलेकींचं आपलं काहीतरी चाललंय, याची त्यांना सवय होती.

पद्मानं हळू आवाजात सगळं सांगितलं. पिशवीतल्या वायूत नेहमीपेक्षा थोडा जड कार्बन होता. तो निरुपद्रवी असतो, पण यंत्राला ओळखू येतो. म्हाताऱ्या झाडाच्या पानांनी तो साखरेत घेतला आणि ती साखर सापडली कुठे, तर तरण्या झाडांत. थोडीथोडकी नाही, निम्म्याहून जास्त. तिनं धरलेला हिशोब असा होता की रोप मोठं झालं की वाढीचं द्रव्य कमी होईल आणि नळ आपोआप बंद होईल. पण भरपूर साखर मिळते म्हटल्यावर तरणी झाडं वाढायची थांबलीच नाहीत, नवी कोवळी मुळं काढत राहिली, आणि मागत राहिली. जुन्या झाडाच्या बुंध्यात वर्षानुवर्षांचा साठा असतो. त्यावर ते काही वर्षं काढतं आणि बाहेरून हिरवं दिसतं. पद्माला ते हिरवं दिसलं होतं आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला होता.

"आणि ती गेली की ही नवीही जातील," ती म्हणाली. "यांनी स्वतःची मुळं खोल नेलीच नाहीत. गरजच पडली नाही त्यांना."

इंदुमतीनं उपाय विचारला. बुरशीनाशक मारलं तर मूळची बुरशीही मरते आणि तिच्याशिवाय हे झाड जगत नाही. राहिला एकच मार्ग. तरणी झाडं सगळी तोडायची, जिथं जमेल तिथं चर खणून जाळं तोडायचं. लगेच केलं तर बरीचशी जुनी झाडं वाचतील.

"पण एक हंगाम दे मला, आई," पद्मा म्हणाली. "नळ बंद करणारा दुसरा वाण मी काढते. जवळ आलेय. तोवर कुणाला बोलू नकोस. लोक मला..." तिनं बाहीनं डोळे पुसले.

भगतरामनी विचारलं, पोरगी का रडते. इंदुमतीनं सांगितलं, मामाची तब्येत बरी नाही.

त्यानंतरचे काही दिवस इंदुमतीला अन्न गोड लागलं नाही. रोग कळल्यावर रोग्यापासून लपवायचा नाही, हे ती वॉर्डात शिकली होती. पण या रोगाचं कारण तिच्या पोटची मुलगी होती. ती रानात एकटी जाऊन आली. सगळं हिरवं होतं. वाऱ्याबरोबर राळेचा वास येत होता. तरण्या झाडांच्या फांद्या शंकूंनी वाकल्या होत्या आणि देवचंदची बायको खाली अंगणात कपडे वाळत घालत होती. इंदुमती तशीच उतरून भगतरामकडे गेली आणि किन्नौरीत, त्यांच्या भाषेत, सगळं सांगून मोकळी झाली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहू, तूच म्हणालीस लावा. आता तूच म्हणतेस तोडा. मी कुठल्या बहूचं ऐकू?"

सभा पुन्हा भरली. या वेळी इंदुमती आधी बोलली आणि कुणाला ते पटलं नाही. पहिल्या वेळी तिनं त्यांना फार चांगलं पटवलं होतं. लोक रानाकडे बोट दाखवत होते. कुठे आहे मरण? एकानं विचारलं, दुसऱ्या गावांचे चिलगोजे खपावेत म्हणून आमची तोडायला सांगताय का? देवाचा कौल लावला, तो तोडण्याच्या विरुद्ध आला. पद्मा सभेला आली नव्हती. घरी आल्यावर तिनं आईला एवढंच विचारलं, "विश्वास नव्हता माझ्यावर?"

"होता," इंदुमती म्हणाली. "सभेत उठून बोलले ती त्याच विश्वासावर. गावाचा काय दोष त्यात?"

पद्मा पुढचा महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी ती करवत घेऊन निघाली आणि इंदुमती कुदळ घेऊन तिच्यामागे गेली. इंदुमतीच्या नवऱ्याच्या, रामसरनच्या वाट्याची जुनी झाडं थोडीच होती, उताराच्या एका टोकाला. दोघींनी त्यांच्याखालची तरणी झाडं तोडली आणि वाट्याभोवती चर खणायला घेतला. माती कमी, दगड जास्त. इंदुमतीचं वय अशा कामाचं नव्हतं. कुणी मदतीला आलं नाही. भगतराम एकदा येऊन उभे राहिले, पडलेल्या झाडांवरचे शंकू बघत राहिले आणि परत गेले. कौल मोडल्याबद्दल गावानं दोघींशी देणंघेणं बंद केलं. बाळंतपणाला मात्र रात्रीबेरात्री बोलावणं यायचं. इंदुमती जायची, काम उरकायची आणि कुणी पाणी विचारण्याआधी परत यायची.

पद्माचा दुसरा वाण जमला नाही. कुंडीत नळ बंद व्हायचा, मातीत जुनी बुरशी नवीला जगूच द्यायची नाही.

त्या हिवाळ्यात बर्फ पडलं नाही. वसंतात म्हाताऱ्या झाडांचे शेंडे पिवळे पडले आणि उन्हाळा संपेपर्यंत ती विटेसारखी तांबडी होऊन उभी होती. एकदम, जवळजवळ सगळी. आणि नेमक्या त्याच वर्षी तरण्या झाडांना कधी नव्हे इतके शंकू आले. पद्मानं आईला सांगितलं, हे लक्षण चांगलं नाही, मरणाऱ्या झाडाची ही शेवटची धडपड असते. गावानं त्याला भरभराट मानलं. म्हातारी आपल्या वयानं गेली, लोक म्हणाले, पोरं तर उभी आहेत.

पुढच्या वर्षी पोरंही गेली. आता वाद घालायला काही उरलं नाही. आख्ख्या उतारावर एका टोकाला तेवढी हिरवी झाडं दिसत होती, चरानं वेढलेली. इंदुमतीला वाटलं होतं, आता तरी लोकांना पटेल. पटलंही, पण उलट्या बाजूनं. यांना ठाऊक होतं, लोक म्हणू लागले. यांनी आपली तेवढी वाचवली.

मेलेल्या झाडाची मुळं दोन-तीन वर्षं माती धरून ठेवतात, मग कुजतात. पद्मानं वरच्या कचेऱ्यांना कळवलं, पायथ्याची घरं हलवा म्हणून मागे लागली. देवचंदची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली. देवचंद गेला नाही, आणि तो नाही म्हणून भगतरामही गेले नाहीत. दोन वर्षांनी श्रावणात, जिथं पूर्वी पावसाचे चार शिंतोडे पडायचे तिथं दोन दिवस पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी उतार खाली आला. आवाज लांबून येणाऱ्या ट्रकसारखा होता, असं इंदुमती नंतर सांगायची.

संध्याकाळपर्यंत तिनं चिखलातून काढलेल्या माणसांची हाडं बांधली. भगतराम सापडले तेव्हा जिवंत होते. त्यांची छाती दबली होती आणि तिला बघताक्षणीच कळलं की हातात काही नाही. त्यांनी देवचंदबद्दल विचारलं. देवचंद सापडलाच नव्हता. इंदुमती म्हणाली, त्याला खालच्या गावात नेलंय, बरा आहे. आयुष्यात रोग्याशी ती तेव्हा पहिल्यांदा खोटं बोलली. ते तिचा हात धरून राहिले आणि काळोख पडण्याआधी गेले.

उतार नेमका मायलेकींच्या चराच्या कडेपासून सुटला होता. कुणी म्हणालं, चरात पाणी साठलं आणि त्यानंच डोंगर फाडला. पद्मा तिथं जाऊन, मोजमाप करून आली. आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "असेलही. नक्की सांगता येत नाही."

शुरतिंग उठलं. कुणी नातेवाइकांकडे, कुणी नदीकाठच्या तात्पुरत्या पत्र्यांत. मामानं दोघींना पुण्याला बोलावलं. इंदुमतीनं कपडे भरलेसुद्धा. पण पद्मानं रोपं दिलेली गावं अजून उभी होती, आणि तिथली झाडं आत्ता कुठे भराला आली होती.

दोघी एकेक गाव घेत निघाल्या. आता पद्मा सोप्या भाषेत बोलायची. चित्रं नाहीत, यंत्रं नाहीत. शुरतिंगचे फोटो दाखवायची, आधीचे आणि नंतरचे. एका गावानं त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. दुसऱ्यानं अर्धी झाडं तोडली आणि अर्धी ठेवली. त्याचा काहीच उपयोग नव्हता.

तिसरं गाव कुलंग. तिथं मात्र त्यांचं स्वागत झालं. बायकांनी चिलगोजे दोऱ्यात ओवून केलेल्या माळा दोघींच्या गळ्यात घातल्या. लग्नातल्या मानाच्या पाहुण्यांना घालतात तशा. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. वर उतारावर तरणी झाडं दाट उभी होती, हिरवीगार, आणि त्यांच्यामधून म्हाताऱ्या झाडांचे शेंडे डोकावत होते. पद्मानं त्या शेंड्यांकडे पाहिलं आणि तिला हवं ते दिसलं. हिरव्यात किंचित फिकेपणा होता, माहीत नसलेल्याला दिसणार नाही इतका. अजून वेळ होता.

तिनं सगळं सांगितलं. हातचं काही राखलं नाही. चूक माझी, हेही सांगितलं. गावचे प्रधान, म्हणजे सरपंच, ग्यालसन नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी ते म्हणाले, "शुरतिंगचं आम्ही ऐकलंय. माझ्या बहिणीचं सासर तिथलं. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे."

इंदुमतीला हायसं वाटलं. याआधीच्या कुठल्याच गावात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

"एक सांगा," ग्यालसन म्हणाले. "नाही तोडली, तर किती वर्षं शंकू मिळतील?"

पद्मानं मनातल्या मनात हिशोब केला. "चार. फार तर पाच."

"आणि आज तोडली, तर नुसत्या म्हाताऱ्या झाडांवर आमची किती घरं जगतील?"

पद्मानं खरं उत्तर दिलं. थोडी.

ग्यालसननी मागे वळून गावकऱ्यांकडे पाहिलं. परत आलेली मुलं तिथं बसली होती, त्यांच्या बायका होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं होतं.

"चार वर्षं पुष्कळ झाली," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक वर्षही नव्हतं."

"आणि पाचव्या वर्षी?" इंदुमतीनं विचारलं.

ग्यालसननी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता, खरोखरचा भरवसा होता. "तोवर मॅडम दुसरं काहीतरी काढतीलच, सिस्टरजी."

पद्मा उभीच राहिली. बायका चहा घेऊन आल्या, कुणीतरी तिच्या हातात कप दिला, आणि लोक उठून झाडांकडे जायला लागले, कारण शंकू उतरवायचे दिवस होते आणि ऊन कलायला लागलं होतं.

"आई," काही वेळानं ती मराठीत म्हणाली, "माझ्याकडे दुसरं काही नाही, हे यांना कसं सांगू?"

इंदुमतीनं गळ्यातली माळ काढून खुर्चीवर ठेवली. ती उठली, ज्या मुलीच्या मांडीवर तान्हं होतं तिच्यापाशी गेली आणि तिला विचारलं, तुझं घर उताराच्या कुठल्या बाजूला आहे. मुलीनं बोट दाखवलं. घर अगदी पायथ्याशी होतं, नवं, निळ्या छपराचं. इंदुमतीनं बाळाला तिच्याकडून घेतलं, खांद्याशी धरलं आणि ते निजेपर्यंत त्या छपराकडे पाहत उभी राहिली.